गडी कोण गावचा?

मराठीत 'गडी' हा एकच शब्द दोन माणसांस लागू पडतो. शेतावर सालाने राबतो तो गडी, आणि हुतूतूच्या डावात प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो तोही गडीच. भाषेने ज्यांस एका शब्दात बसविले, त्यांस आपल्या समाजाने मात्र दोन निराळ्या मापांनी मोजण्याचे आरंभिले आहे. पहिल्या गड्यास त्याचे गाव कोणी विचारीत नाही. त्याचे हात चालले म्हणजे झाले. दुसऱ्या गड्याने चढाईला पाऊल उचलले रे उचलले, की प्रेक्षकांतील सुज्ञ म्हणविणारे गृहस्थ भुवया वर करून विचारतात, 'हा कोण गावचा?' या प्रश्नाचा परामर्श घेण्याचे आम्ही आज योजिले आहे. कारण प्रश्न वरवर खेळाचा दिसला, तरी त्याच्या पोटात आमच्या ग्रामीण तरुणांच्या भवितव्याचा प्रश्न दडलेला आहे, आणि तो मात्र कोणीच विचारीत नाही.

कुरकुरीचे कारण सर्वांस ठाऊकच आहे. २०१४ च्या जुलैत व्यावसायिक कबड्डीची लीग सुरू झाली आणि निरनिराळ्या शहरांच्या नावाने संघ उभे राहिले. त्यांत परप्रांतांतून आणि परदेशांतूनही गडी आले. २०२२ च्या नवव्या पर्वात 'पुणेरी पलटण' या संघाचे कर्णधारपद फजल अत्राचली या इराणी गड्याकडे होते, आणि त्या पर्वात संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. २०२३ च्या ऑक्टोबरातील लिलावात त्याच संघाने मोहम्मदरेझा शादलुई या दुसऱ्या इराण्यास २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतले. आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणाच्या संघास २८–२५ असे नमवून पलटणीने आपले पहिले विजेतेपद मिळविले. विजयाचे पेढे सर्वांनीच खाल्ले. परंतु ते तोंडात विरघळतात न विरघळतात तोच काही मंडळींस कडू ढेकर आली. संघ पुण्याचा, मग पकड इराण्याची कशी? खेळ आमच्या मातीतला, मग त्याचे पैसे परक्याच्या पदरात का?

या आक्षेपाचे तीन पदर आहेत: एक नावाचा, दुसरा अभिमानाचा, तिसरा भाकरीचा. आम्ही तिन्ही क्रमाने उलगडून पाहू.

नावाचा पदर सर्वांत विरविरीत आहे. संघास एखाद्या शहराचे नाव दिले म्हणजे त्यातील प्रत्येक गडी त्याच शहराच्या पाण्यावर वाढलेला असला पाहिजे, हा नियम कोणी आणि केव्हा केला? २०१५ मध्ये मुंबईच्या संघाने ही लीग जिंकली, तेव्हा त्याचा कर्णधार अनुपकुमार हा हरियाणाचा होता, आणि मुंबईकरांनी त्यास डोक्यावर घेतले. कोल्हापूरच्या कुस्तीचा अभिमान कोणा मराठी माणसास नाही? परंतु १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून काढणाऱ्या शाहू महाराजांनी पंजाबकडील मल्लांस आपल्या आश्रयास आणून ठेविले होते, आणि त्यांच्याशी झोंबतच येथील पोरे तयार झाली. परक्यांच्या त्या येण्याने कोल्हापूरची कुस्ती बाटली की बहरली, याचे उत्तर आक्षेपकांनीच द्यावे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले, ते आपण सारे 'आपले' म्हणतो, आणि ते आहेच. परंतु १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या सुमारास त्यांस मॅटवरील कुस्तीचे धडे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने दिले होते, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. आणि पलटणीचेच म्हणाल, तर ज्या संघात शादलुई होता त्या विजेत्या संघाचा कर्णधार अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता. परका गडी आला म्हणून घरचा गडी बाहेर गेला नाही. दोघे एका अंगणात उभे राहिले, म्हणून चषक पुण्यास आला.

अभिमानाचा पदर अधिक नाजूक आहे. खेळ आमचा, हे खरेच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पुणे, सातारा, बडोदे येथील व्यायामप्रेमी मंडळींनी हुतूतूचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगास दाखविली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. या साऱ्या खटाटोपाचा हेतू काय होता? खेळ जगात जावा, हाच ना? मग तो जगात गेला, तेथे रुजला, आणि तेथील रोपास फळ धरले, म्हणजे आपण छाती पिटावी हे कोणते शहाणपण? ज्याने बी वाटले, त्याने दुसऱ्याच्या शेतातील कणसे पाहून रडू नये.

या बाबतीत २०१८ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांची हकीकत प्रत्येक आक्षेपकाने नीट ध्यानी धरावी. त्या वर्षी इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यात भारतास २७–१८ असे हरविले आणि सुवर्णपदक नेले. इराणच्या स्त्रियांनी तर अंतिम सामन्यातच भारतास २७–२४ असे नमविले. आणि त्या इराणी स्त्रियांची शिक्षिका कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन! म्हणजे सुवर्णपदक तेहरानला गेले खरे, पण त्याची घडण ज्या हाताने झाली तो हात महाराष्ट्रातला होता. आमच्या शिक्षिकेने तेथे जावे, हा आमच्या विद्येचा गौरव. आणि तिकडील गड्याने येथे यावे, हे मात्र आमच्यावर आक्रमण! असा एकतर्फी हिशेब ठेवणाऱ्या वहीस वाण्याच्या दुकानातही कोणी मान्यता देणार नाही.

राहिला भाकरीचा पदर. हा मात्र थट्टेने उडवून देण्याजोगा नाही. परका येतो आणि आमच्या पोराची जागा जाते, असे जो बाप म्हणतो, त्याचे दुःख खोटे नसते. खोटे असते ते त्याने दाखविलेले कारण. हे सिद्ध करण्यासाठी आम्ही वाचकांस पुणे शहरातून बाहेर काढून इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे या गावी नेऊ इच्छितो.

अंथुर्णे हे बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवरील, नीरेच्या डाव्या कालव्याच्या मुलखातले, उसाचे गाव. शेजारी वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना काढून वालचंदनगर वसविले. दुसऱ्या अंगास भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना. आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच टापूतून पंढरीस जाते, आणि शेकडो गावचे लोक एका दिंडीत चालतात. त्यांस कोणी 'तुम्ही कोण गावचे?' असे हिणवून विचारीत नाही. परंतु वारी चार दिवसांची. गाळपाचा हंगाम महिनोन्‌महिने चालतो. दिवाळी सरली की बीडकडील आणि मराठवाड्यातील इतर कोरडवाहू भागांतील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन या मुलखात उतरतात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता. असे कोयते टोळीटोळीने फडात शिरतात, बांधावर कोप्या पडतात, पोरेबाळे तेथेच पाचटात वाढतात. या परक्या हातांवाचून एकही मोळी गव्हाणीत पडावयाची नाही. या गड्यांनी आमच्या पोरांची भाकरी हिरावून घेतली, असे अंथुर्ण्यात किंवा आणखी कोणत्याही उसाच्या गावात कोणी म्हणताना आम्ही ऐकलेले नाही. का बरे? कारण त्या कामात कष्ट पुष्कळ आणि मान मुळीच नाही. म्हणजे निष्पन्न काय झाले? कष्टाचा गडी परका असला तर चालतो. मानाचा गडी परका असला की अस्मिता जागी होते! कोयता बीडचा चालतो, पकड इराणची खुपते. या दुटप्पीपणास स्वाभिमान हे नाव देणे म्हणजे स्वाभिमानाचीच विटंबना होय.

आता उसाच्याच एका दुसऱ्या मुलखाची गोष्ट ऐका. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ धंद्याच्या स्वरूपात फार मोठ्या प्रमाणावर चालतो. तेथील मेजर लीगच्या २०२४ सालच्या हंगामाच्या आरंभी संघांच्या याद्यांत जे खेळाडू होते, त्यांपैकी २६४ म्हणजे शेकडा सुमारे २८ हे अमेरिकेबाहेर जन्मलेले होते. आणि त्या २६४ मधील १०८ एकट्या डोमिनिकन प्रजासत्ताकाचे! हा देश केवढा? कॅरिबियन समुद्रातील एका बेटाचा पूर्वेकडील भाग. वस्ती अवघी एक कोटीच्या थोडी वर. आपल्या महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीतच अकरा कोटींवर होती. म्हणजे आमच्या दशांश वस्तीचा हा देश जगातील सर्वांत श्रीमंत बेसबॉल लीगला शंभरावर गडी पुरवितो.

त्यातही लक्षात घेण्याजोगे गाव म्हणजे सान पेद्रो दे माकोरीस. हे गाव साखरेचे. क्यूबात १८६८ पासून दहा वर्षे चाललेल्या युद्धामुळे परागंदा झालेल्या क्यूबन मंडळींनी या भागात साखरेचे कारखाने काढले, आणि बेसबॉलची आवडही त्यांच्याबरोबर आली. ऊस तोडावयास इंग्रजी बोलणाऱ्या शेजारच्या बेटांवरून कृष्णवर्णीय मजूर आणले गेले. ते आपल्याबरोबर क्रिकेट घेऊन आले. कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांतून संघ निघाले, आणि गाळप बंद असण्याच्या रिकाम्या महिन्यांत मैदाने भरू लागली. त्या मजुरांची मुले-नातवंडे क्रिकेटची बॅट टाकून बेसबॉलच्या दांड्याकडे वळली. सॅमी सोसा, अल्फॉन्सो सोरियानो, रॉबिन्सन कानो अशी एकाहून एक नावे या एका साखरगावाच्या पंचक्रोशीतून निघाली. पाहा, खेळ अमेरिकेचा, शिकविणारे क्यूबाचे, मजूर तिसऱ्याच बेटांवरचे; आणि आज जग त्यांस एका शब्दात डोमिनिकन म्हणते. रक्ताने खेळाडू उपजत असते, तर त्या मुलखात बेसबॉलपटू निपजण्याचे काहीच कारण नव्हते. मैदान, रिकामा वेळ, शिकविणारा आणि पुढे पोट भरण्याची आशा ही चार सामग्री जेथे एकत्र आली, तेथे गडी उगवला. इराणात तेच झाले. हरियाणात तेच झाले. जेथे ती आली नाही, तेथे मातीच्या थोरवीची गीते तेवढी उरली.

आमच्या साखरमुलखात या चौघांपैकी कशाची वाण आहे? जमीन आहे; कारखाने आहेत; सहकारी संस्थांच्या इमारती आणि सभा आहेत. अधिकार दूर आहे म्हणावे, तर तीही सबब नाही. याच टापूतील भरणेवाडीचे दत्तात्रय भरणे हे डिसेंबर २०२४ पासून जुलै २०२५ अखेरपर्यंत राज्याचे क्रीडामंत्री होते. हे आम्ही कोणा एका मंत्र्यास दोष देण्यासाठी सांगत नाही. सात-आठ महिन्यांत मैदाने उगवत नसतात. सांगावयाचे एवढेच की, आपला आवाज वर पोहोचत नाही हे रडगाणे आता बंद करावे. जत्रेच्या एका दिवसाच्या फडासाठी, परमुलखातील मल्लाच्या इनामासाठी, वर्गणीचा पैसा हां हां म्हणता जमतो. तोच पैसा बारा महिने शिकविणाऱ्या वस्तादाच्या पगारासाठी जमत नाही. दोष इराण्याचा नव्हे, आपल्या वर्गणीच्या वहीचा आहे. भाकरी हिरावून घेतली असेल, तर ती खेळावयास आलेल्याने नव्हे, शिकवावयास न आलेल्याने.

येथे कोणी म्हणेल, मग डोमिनिकनांचाच कित्ता गिरवावा काय? आमचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. कारण त्या चित्राची मागील बाजूही आम्हांस ठाऊक आहे. अमेरिकेतील तीसही संघांनी त्या देशात आपापल्या अकादमी थाटल्या आहेत. सोळाव्या वर्षी मुलाशी करार करता येतो. त्या सोळाव्या वर्षासाठी बाराव्या-तेराव्या वर्षीच अनेक मुले शाळा सोडतात. गावोगाव हिंडून मुले हेरणारे दलाल त्यांस तयार करतात आणि कराराच्या रकमेतून मोठा वाटा उचलतात. वय चोरण्याचे प्रकार झाले आहेत. करार झालेल्यांतील बहुतेकांस मेजर लीगचे दर्शनही न होता घरी परतावे लागते. आणि परतणाऱ्याच्या हाती ना विद्या, ना धंदा. उचल देणारा मुकादम आणि मुले हेरणारा दलाल हे एकाच जातीचे प्राणी आहेत, हे उसाच्या मुलखातील वाचकांस आम्ही समजावून सांगावयास नको. ऊस गाळून चिपाड फेकून द्यावे, तशी माणसे गाळून फेकून देण्याचा कारखाना आम्हांस नको आहे.

म्हणून परक्यांविरुद्ध ओरड करणाऱ्यांस आमचे सांगणे असे की, ओरडावयाचेच असेल तर योग्य दारी जाऊन ओरडा. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २००१ सालापासून एक नियम चालविला आहे. करार संपण्यापूर्वी गडी एका संघातून दुसऱ्या देशाच्या संघात गेला आणि त्याबद्दल पैसा मोजला गेला, तर त्या रकमेतील शेकडा पाच भाग, त्या गड्यास बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या मंडळांनी शिकविले, त्यांच्यात वाटला जातो. कबड्डीच्या लिलावात बोलली जाते ती रक्कम गड्याच्या मेहनतान्याची असते. तिला हात लावावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो संघमालक एका गड्यासाठी दोन कोटींची बोली करतो, त्याने त्या रकमेच्या शेकडा पाच इतके द्रव्य वेगळे काढून, तो गडी ज्या आखाड्यात, ज्या शाळेच्या पटांगणात, ज्या मंडळाच्या मातीत वाढला, तेथे पाठवावे, ही मागणी अवाजवी आहे काय? गडी इराणचा असेल तर ते द्रव्य इराणच्या गावी जावो, हरियाणाचा असेल तर हरियाणात जावो. आणि आमच्या एखाद्या खेडेगावचा असेल, तर त्या खेड्याची मॅट, वस्तादाचा पगार आणि पोरांचे दूध त्यातून निघो. मग परका गडी आला म्हणून कोणाच्या पोटात दुखणार नाही. कारण गडी घडविणे हाच गावाचा मान आणि गावाची मिळकत ठरेल. दुसरी मागणी कारखान्यांपाशी: सान पेद्रोच्या कारखान्यांभोवती नकळत जे घडले, ते आमच्या सहकारी कारखान्यांनी जाणूनबुजून, आणि त्यातील पाप वगळून घडवावे. पगारी शिक्षक ठेवावा. आणि ज्याचे नाव शाळेच्या हजेरीपटावर नाही, त्यास मॅटवर उतरू देऊ नये. शाळा आधी, चढाई मागून.

आक्षेपकांची खरी परीक्षा मात्र येथून पुढे आहे. समजा, या मागण्या मान्य झाल्या, अंथुर्ण्यात मॅट आली, वस्ताद आला, आणि मुले जमू लागली. त्या संध्याकाळी बांधावरच्या कोपीतून एक दहा-बारा वर्षांचा पोरगा येऊन कडेला उभा राहील. त्याचे आईबाप बीड जिल्ह्यातील कोठल्याशा गावचे. दोघे मिळून एक कोयता. त्याचे वर्ष दोन मुलखांत वाटलेले, आणि म्हणून नाव धड कोणत्याच शाळेच्या पटावर नाही. त्याच्या पायांत वारा असेल, छातीत दम असेल. तुमचे लोक त्यास काय म्हणणार? 'तू कोण गावचा?' असे विचारून परत धाडणार, की आधी शाळेत त्याचे नाव घालून मग अंगणात घेणार? पहिले उत्तर देणाऱ्या गावाने इराण्यावर, हरियाणव्यावर किंवा आणखी कोणावर बोट दाखविण्याचा अधिकार गमावला, असे आम्ही समजू. दुसरे उत्तर देणाऱ्या गावास तो प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही. कारण पुढे तो पोरगा मुंबईच्या संघातून खेळो की पाटण्याच्या, तो कोण गावचा म्हणून पुसणाऱ्यास तो आपण होऊन सांगेल, 'मी अंथुर्ण्याचा.'